अमेरिकेचा खर्चाचा कायदा कसा वाचायचा: रस्ते, लष्कर आणि व्हिसा

ऑक्टोबर 2025 मध्ये न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. नवी नोकरी पक्की झाली होती, राजीनाम्याचं पत्र लिहून तयार होतं, आणि नव्या कंपनीच्या वकिलाने निरोप दिला होता की एलसीए निघत नाहीये, थांबा. एलसीए म्हणजे एच-1बी या कामाच्या व्हिसाचा अर्ज करण्याआधी तिथल्या कामगार खात्याकडून मालकाला घ्यावा लागणारा पगाराबाबतचा दाखला. 'शटडाऊन'मुळे, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कार्यालयं बंद पडल्यामुळे, ते काम थांबलं होतं. भाचा म्हणाला, "मावशी, व्हिसाचे अर्ज घेणारं खातं तर चालू आहे. आणि 2018-19 ला एवढं मोठं शटडाऊन झालं, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणाचंच एलसीए अडलं नव्हतं. मग आताच काय झालं?"

त्याचं म्हणणं दोन्ही बाजूंनी खरं होतं. उत्तर शोधता शोधता मी अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, खर्चाचे कायदे वाचायला लागले, आणि आपल्याकडच्या बातम्यांत या कायद्यांबद्दल किती अर्धवट येतं ते कळलं. "अमेरिकेने अमुक लाख कोटी मंजूर केले" एवढ्यावर बातमी संपते. पैसा खरंच मंजूर झाला का, किती वर्षांसाठी, कुठल्या खात्याला, आणि त्याच कायद्याच्या पोटात आपल्या मुलांच्या व्हिसाचं काय लिहून ठेवलंय, हे कुणी सांगत नाही. मी जी पद्धत वापरते ती इथे पायरीपायरीने लिहिते. कायद्याचं शिक्षण लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

पायरी 1: आपल्या विधिमंडळाचे शब्द हाताशी घ्या

अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या बातम्या वाचणाऱ्याला अर्धी भाषा आधीच येते. सरकारी तिजोरीतून पैसा काढायला विधिमंडळाची परवानगी देणारं विनियोजन विधेयक आपल्याकडे असतं, तसंच तिकडे 'अ‍ॅप्रोप्रिएशन' विधेयक. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमातच आहे की कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही. आपलं लेखानुदान म्हणजे साधारण त्यांचं 'कंटिन्यूइंग रेझोल्यूशन': पूर्ण वर्षाचा निर्णय होईपर्यंत तात्पुरती सोय. आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ज्यांचा गाजावाजा होतो त्या पुरवणी मागण्यांना तिकडे 'सप्लिमेंटल' म्हणतात.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे अर्थसंकल्प सरकार मांडतं आणि सभागृहात तो पडला तर सरकारच पडतं. त्यामुळे पैसा मंजूर होणार की नाही ही शंका सहसा नसते. तिकडे अध्यक्षांचा अर्थसंकल्प हा नुसता प्रस्ताव असतो. काँग्रेस तो बाजूला ठेवून स्वतःचे आकडे लिहू शकते, आणि बहुतेक वेळा लिहितेच. म्हणून फेब्रुवारीच्या आसपास "ट्रम्प यांच्या अर्थसंकल्पात अमुक तरतूद" अशी बातमी आली तर ती इच्छायादी समजून वाचायची.

त्यांचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि 30 सप्टेंबरला संपतं. त्या मुदतीत बारा वेगवेगळी विनियोजन विधेयकं मंजूर व्हायला हवीत. सगळीच्या सगळी विधेयकं वेळेत होण्याचं भाग्य शेवटचं लाभलं ते 1996 मध्ये. तेव्हापासून सगळा कारभार तात्पुरत्या मुदतवाढींवर आणि वर्षाखेरीच्या गठ्ठ्यांवर चालला आहे. अनेक विधेयकं एकत्र बांधली की त्याला 'ऑम्निबस' म्हणतात, दोन-चारच बांधली तर 'मिनिबस'.

आकड्यांचंही इथेच उरकून घेऊ. त्यांचा एक बिलियन म्हणजे आपले 100 कोटी, अर्थात एक अब्ज. त्यांचा एक ट्रिलियन म्हणजे 1 लाख कोटी. मराठी बातम्यांत या दोन्हींची अदलाबदल सर्रास होते, म्हणून शंका आली की मूळ इंग्रजी आकडा बघून घ्यायचा.

पायरी 2: तुमच्या हातातला मसुदा नेमका कुठल्या टप्प्यावरचा?

मे 2025 मध्ये आपल्याकडे घबराट पसरली की अमेरिकेतून घरी पैसे पाठवण्यावर 5 टक्के कर लागणार. काही दिवसांत तो साडेतीन टक्के झाला. 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या कायद्यात तो उरला 1 टक्का, तोही रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पैसे पाठवले तरच. अमेरिकी बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवलेल्या पैशांना तो लागू नाही. 1 जानेवारी 2026 पासून अंमल. म्हणजे आई-वडिलांना दरमहा बँकेतून पैसे पाठवणाऱ्या मुलाला शेवटी काहीच लागलं नाही, पण तोवर कितीतरी घरांनी घाईघाईत मोठ्या रकमा हलवल्या असतील.

म्हणून काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकून आधी टप्पा बघा. प्रतिनिधीगृहात सुरू झालेल्या विधेयकाला 'एच.आर.' आणि पुढे आकडा असतो, सिनेटच्या विधेयकाला 'एस.'. एकाच विधेयकाचे चार-पाच मसुदे तिथे असतात: मांडला तेव्हाचा, समितीने सुधारलेला, एका सभागृहाने मंजूर केलेला, दुसऱ्याने बदललेला. दोन्ही सभागृहांचं एकमत झालेला शेवटचा मसुदा म्हणजे 'एनरोल्ड बिल', आणि सही झाली की त्याला 'पब्लिक लॉ' असा क्रमांक मिळतो. मघाचा कायदा पब्लिक लॉ 119-21 आहे: 119व्या काँग्रेसचा एकविसावा कायदा. असा क्रमांक मिळालेला नसेल तर तो कायदा नाही, बातमीचा मथळा कितीही मोठा असो.

याच पायरीवर अजून एक गल्लत होते. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-1बी अर्जांवर 1 लाख डॉलर आकारण्याचा जो निर्णय आला तो काँग्रेसचा कायदा नव्हता, अध्यक्षांची उद्घोषणा होती. दोन्हींची ताकद वेगळी, न्यायालयात आव्हान देण्याची वाट वेगळी, मागे घेण्याची रीतही वेगळी. विधेयकांत शोधलंत तर तो सापडणार नाही.

पायरी 3: अधिकार दिला की पैसा दिला?

मला हे कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून इथे जरा थांबते.

अमेरिकेत खर्चाचे दोन वेगळे कायदे लागतात. पहिला 'ऑथरायझेशन': हे काम करायला हरकत नाही, एवढ्या रकमेपर्यंत. दुसरा अ‍ॅप्रोप्रिएशन: हे घ्या पैसे. लग्नाच्या बैठकीत "हॉल पाच लाखांपर्यंतचा घ्या" असं ठरणं वेगळं आणि हॉलवाल्याच्या खात्यात आगाऊ रक्कम जाणं वेगळं, तसंच हे.

संरक्षणाचं उदाहरण घ्या. दर डिसेंबरात 'एनडीएए' नावाच्या कायद्याची बातमी येते. सहा दशकांहून जास्त काळ तो दरवर्षी मंजूर होत आला आहे. आर्थिक वर्ष 2024 च्या एनडीएएने 886 अब्ज डॉलरची मर्यादा घातली आणि जगभर मथळा झाला की "अमेरिकेने लष्करावर 886 अब्ज मंजूर केले". प्रत्यक्षात त्या कायद्याने तिजोरीतला एक डॉलरही हलला नाही. खरा पैसा आला मार्च 2024 मध्ये, विनियोजनाच्या गठ्ठ्यातून, आणि संरक्षण विनियोजनाचा आकडा होता सुमारे 825 अब्ज. उरलेला भाग कुठे गेला? लष्करी तळांवरच्या बांधकामाचा पैसा माजी सैनिकांच्या खात्याबरोबर वेगळ्या विधेयकात असतो, आणि अण्वस्त्रांचा पैसा चक्क ऊर्जा आणि जलविकासाच्या विधेयकात. संरक्षणाचा पूर्ण हिशेब करायचा तर निदान तीन विधेयकं उघडावी लागतात.

मसुदा वाचताना फरक ओळखायची खूण सोपी आहे. वाक्यात 'ऑथराइज्ड टु बी अ‍ॅप्रोप्रिएटेड' असेल तर ती फक्त परवानगी. 'देअर इज अ‍ॅप्रोप्रिएटेड' किंवा 'आर अ‍ॅप्रोप्रिएटेड' असेल तर तो पैसा. संगणकावर शोधाच्या चौकटीत हे शब्द टाकून बघा, पाचशे पानांचा कायदा दहा मिनिटांत निम्मा गळून पडतो.

आणि हेही ध्यानात असू द्या की बारा विधेयकांतून जाणारा पैसा एकूण खर्चाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाच्या आसपास असतो. आर्थिक वर्ष 2024 मध्ये संघराज्याचा खर्च सुमारे पावणेसात लाख कोटी डॉलर झाला, त्यात दरवर्षी मतदानाने ठरणारा भाग सुमारे 1.8 लाख कोटी. बाकी मुख्यतः निवृत्तिवेतन, वृद्धांचा आरोग्यविमा आणि व्याज. त्या वर्षी व्याजाची रक्कम संरक्षणखर्चाच्याही वर गेली.

पायरी 4: आकड्यात नवं किती, जुनं किती, वर्षं किती

15 नोव्हेंबर 2021 ला बायडेन यांनी पायाभूत सुविधांच्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये 69 विरुद्ध 30 मतं पडली होती, म्हणजे दोन्ही पक्षांचा पाठिंबा. मथळा होता 1.2 लाख कोटी डॉलरचा. त्यातला नवा पैसा 550 अब्जच. बाकीचा रस्त्यांचा आणि इतर कामांचा चालू कार्यक्रम, जो या कायद्याशिवायही कुठल्या ना कुठल्या रूपात चालूच राहिला असता. नव्या 550 अब्जांचे तुकडे असे पडले: रस्ते आणि पुलांना 110, रेल्वेला 66, ब्रॉडबँडला 65, पाणीपुरवठ्याला 55, विजेच्या जाळ्याला 73. आणि हे सगळं एका वर्षात नव्हे, पाच वर्षांत.

तुम्ही कागद घ्या आणि कुठल्याही मोठ्या घोषणेखाली तीन रकाने आखा: जुना चालू खर्च, नवा पैसा, दर वर्षाला किती. नव्या पैशाला पाचाने भागलं की 110 अब्ज येतात. 1.2 लाख कोटी ऐकून डोळ्यांपुढे उभं राहिलेलं चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवून बघा.

रस्त्यांचा पैसा येतो कुठून हे पाहिलं तर दुखणं आणखी कळतं. महामार्गांसाठी वेगळा निधी आहे आणि तो इंधनावरच्या कराने भरायचा असतो. पेट्रोलवरचा संघराज्याचा कर गॅलनला 18.4 सेंट आहे आणि 1993 पासून तो एका सेंटनेही वाढलेला नाही. 2008 पासून निधी आटत गेला आणि सर्वसाधारण तिजोरीतून पैसा ओतून तो जिवंत ठेवला जातोय. वाहनधारकाला न दुखवता पूल बांधण्याचा हा हट्ट मला तरी बेजबाबदार वाटतो.

मुदतीची खूण मसुद्यात 'टु रिमेन अव्हेलेबल अंटिल' या शब्दांत सापडते, म्हणजे अमुक तारखेपर्यंत वापरता येईल. साधा वार्षिक पैसा 30 सप्टेंबरला संपतो. 4 जुलै 2025 च्या कायद्यात हीच ओळ निर्णायक ठरली. सीमेवरच्या भिंतीसाठी 46.5 अब्ज, स्थलांतरितांना डांबून ठेवण्याच्या केंद्रांसाठी 45 अब्ज, स्थलांतरितांना पकडून हद्दपार करणाऱ्या 'आयसीई' या यंत्रणेच्या भरती आणि कामासाठी सुमारे 30 अब्ज, आणि या रकमा 30 सप्टेंबर 2029 पर्यंत वापरता येतील. आयसीईचं एरवीचं वार्षिक विनियोजन 10 अब्जांच्या आसपास. आता या यंत्रणेला दर वर्षी काँग्रेसपुढे हात पसरायची तितकीशी गरज उरली नाही. शटडाऊन होवो, विरोधक अडून बसोत, हा पैसा खिशातच आहे. वार्षिक मंजुरीतून जो लोकशाही लगाम राहतो तो इथे चार वर्षांसाठी सैल झाला. त्याच कायद्यात संरक्षणाला सुमारे 150 अब्ज आणि विमानवाहतूक नियंत्रणाच्या जुनाट यंत्रणेला साडेबारा अब्ज मिळाले.

पायरी 5: बारा विधेयकांपैकी कुठलं?

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर.

'इमिग्रेशन' नावाचं एकही विनियोजन विधेयक नाही. सीमा, आयसीई आणि नागरिकत्वाचं खातं अंतर्गत सुरक्षेच्या विधेयकात. एलसीए आणि ग्रीनकार्डाआधीचं 'पर्म' (त्या जागेसाठी अमेरिकी माणूस मिळत नाही असा दाखला) कामगार खात्याच्या विधेयकात, तेही आरोग्य आणि शिक्षणाला जोडलेलं. मुंबईच्या वकिलातीतला व्हिसा परराष्ट्र खात्याच्या विधेयकात. हद्दपारीचे खटले चालवणारी न्यायालयं न्याय खात्याच्या विधेयकात. एकाच माणसाची एकच फाइल अशी चार विधेयकांतून प्रवास करते.

शिवाय यूएससीआयएस, म्हणजे अर्ज तपासणारं खातं, जवळजवळ पूर्णपणे अर्जदारांच्या शुल्कावर चालतं. म्हणून शटडाऊनमध्येही ते उघडं राहतं. व्हिसाचं कामही बऱ्याच अंशी शुल्कावर चालतं, म्हणून वकिलातीही सहसा सुरू असतात. कामगार खात्याचा हा विभाग मात्र विनियोजनावर अवलंबून आहे. 1 ऑक्टोबर 2025 ला बाराही विधेयकं अडली होती, कामगार खात्याचा पैसा संपला आणि एलसीए थांबलं. 2013 च्या सोळा दिवसांच्या शटडाऊनमध्येही हेच झालं होतं. 2018-19 चं शटडाऊन 35 दिवस चाललं, पण ते अर्धवट होतं: सप्टेंबर 2018 मध्येच संरक्षण आणि कामगार-आरोग्य-शिक्षण ही दोन विधेयकं एका मिनिबसमध्ये बांधून त्यांवर सही झाली होती. लष्कराच्या पैशाबरोबर बांधलं गेलं म्हणून त्या वर्षी एलसीए वाचलं. हिंजवडीतून गेलेल्या एखाद्या मुलाची नोकरी बदलणं असं पेंटागॉनच्या विधेयकाच्या शेपटीला बांधलेलं असू शकतं.

तेव्हा "शटडाऊन होणार" अशी बातमी आली की पहिला प्रश्न विचारायचा: बारांपैकी कुठली विधेयकं आधीच मंजूर झाली आहेत? नोव्हेंबर 2025 मध्ये 43 दिवसांनी शटडाऊन संपलं तेव्हा शेती, लष्करी बांधकाम आणि काँग्रेसचा स्वतःचा खर्च एवढ्याच तीन विधेयकांना पूर्ण वर्षाचा पैसा मिळाला. बाकी सगळ्यांना 30 जानेवारी 2026 पर्यंतची तात्पुरती मुदतवाढ होती.

पायरी 6: गठ्ठ्याच्या तळाशी काय दडलंय?

खर्चाचं विधेयक थांबवणं कठीण असतं, कारण थांबवलं तर कार्यालयं बंद पडतात. म्हणून एरवी पुढे न सरकणारे विषय त्याला चिकटवले जातात. भारतीयांच्या व्हिसाचा इतिहास या दृष्टीने बघितला तर मी तरी चकित झाले.

अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी एच-1बीच्या 65,000 च्या वर आणखी 20,000 जागा असतात. पुण्या-मुंबईतून एमएस करायला जाणारं प्रत्येक पोर त्याच भरवशावर कर्ज काढतं. ही तरतूद आली डिसेंबर 2004 मध्ये, आर्थिक वर्ष 2005 च्या विनियोजनाच्या गठ्ठ्यातून. त्याआधी 1998 मध्ये एच-1बीची मर्यादा 1,15,000 वर नेली गेली, तीही ऑक्टोबरातल्या ऑम्निबसमधून. विमानात चढताना जे 'रिअल आयडी' ओळखपत्र मागतात त्याचा कायदा मे 2005 मध्ये झाला, युद्धाच्या आणि त्सुनामी मदतीच्या पुरवणी खर्चाला जोडून. विमानतळांवर त्याची अंमलबजावणी सुरू व्हायला मे 2025 उजाडला.

सगळ्यात बोलकं उदाहरण ऑगस्ट 2010 चं. मेक्सिकोच्या सीमेवरच्या बंदोबस्तासाठी 60 कोटी डॉलर हवे होते. काँग्रेसने ते कुठून काढले? ज्या कंपन्यांचे निम्म्याहून जास्त कर्मचारी एच-1बी किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर आहेत, त्यांच्या एच-1बी अर्जांवर 2,000 डॉलरचं जादा शुल्क लावून. हे बसलं मुख्यतः भारतीय आयटी कंपन्यांवर. पुढे डिसेंबर 2015 च्या ऑम्निबसने ते 4,000 डॉलर केलं, आणि 2018 मध्ये त्याची मुदत 30 सप्टेंबर 2027 पर्यंत वाढवली गेली. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या पहाऱ्याचा खर्च बंगळुरू-पुण्याच्या ताळेबंदातून निघाला, आणि आपल्याकडे ती बातमी फक्त अर्थविषयक पानावर आली.

शोधायचं कसं? गठ्ठ्याची अनुक्रमणिका उघडा आणि शेवटचे विभाग आधी वाचा. पहिले विभाग खात्यांचे असतात, मागाहून चिकटवलेलं बहुधा शेवटी सापडतं. मग मसुद्यात 'एच-1बी', 'नॉनइमिग्रंट', 'इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट' हे शब्द शोधा. 'नन ऑफ द फंड्स' हेही शोधा: त्यापुढे येतं ते बंदीचं कलम, या पैशातून अमुक गोष्ट करायची नाही असं सांगणारं. मुख्य मसुद्याबरोबर एक स्पष्टीकरणात्मक निवेदन जोडलेलं असतं. कुठल्या प्रकल्पाला नेमके किती, हा तपशील बहुतेक तिथेच असतो, आणि पत्रकारही ते क्वचित उघडतात.

4 जुलै 2025 च्या कायद्यातलं एक कलम पालकांनी मुद्दाम पाहावं. पर्यटक, विद्यार्थी आणि कामाच्या व्हिसांवर किमान 250 डॉलरचं 'व्हिसा इंटेग्रिटी' शुल्क त्यात लिहिलेलं आहे. कायद्यात शुल्क असणं आणि खिडकीवर त्याची वसुली सुरू होणं यांत मधे नियम करण्याचा टप्पा असतो. म्हणून नातवंडांकडे जायचा व्हिसा काढताना रक्कम वकिलातीच्या अधिकृत पानावरूनच बघा, एजंटाच्या तोंडून नको.

पायरी 7: 60 मतं की 51?

नेहमीच्या विनियोजन विधेयकावरची चर्चा संपवून मतदान घ्यायला सिनेटच्या शंभरांपैकी 60 जणांची संमती लागते. एका पक्षाकडे तेवढे सदस्य सहसा नसतात, त्यामुळे तडजोड अटळ. 'रिकन्सिलिएशन' नावाच्या वाटेने गेलं तर साधं बहुमत पुरतं. 4 जुलै 2025 चा कायदा त्या वाटेने गेला: सिनेटमध्ये 50-50, आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या निर्णायक मताने मंजूर.

या वाटेला एक अट आहे. प्रत्येक कलमाचा खर्चाशी किंवा महसुलाशी खरा संबंध हवा. म्हणून तिथे स्थलांतरविषयक धोरण शुल्काच्या आणि रकमांच्या रूपातच येतं. 2021 मध्ये डेमोक्रॅट पक्षाने कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना दर्जा देण्याची तरतूद याच वाटेने न्यायचा प्रयत्न केला, आणि सिनेटच्या पार्लमेंटेरियनने, म्हणजे नियमांबाबत सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याने, तिन्ही वेळा ती नियमात बसत नाही असा सल्ला दिला.

साठ मतांची वाट किती खडतर असते हे 7 फेब्रुवारी 2024 ला दिसलं. युक्रेन, इस्रायल आणि सीमा यांना एकत्र बांधणारं 118 अब्जांचं पुरवणी विधेयक होतं. त्यात एच-1बीवाल्यांच्या एच-4 व्हिसावरच्या जोडीदारांना कामाची परवानगी, एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या अर्जातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या मुलांना संरक्षण आणि पाच वर्षं दरवर्षी 50,000 जादा व्हिसा अशा तरतुदी होत्या. ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या कुटुंबांसाठी एवढं ठोस काही बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. 49 विरुद्ध 50 मतं पडली, चर्चाच सुरू होऊ शकली नाही. एप्रिलमध्ये 95 अब्जांचा कायदा झाला तो मुख्यतः परदेशांच्या मदतीचा. व्हिसाच्या तरतुदी बाहेर राहिल्या, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कुणी हळहळलंही नाही, कारण त्या तिथे होत्या हेच माहीत नव्हतं.

पायरी 8: मंजूर पैसा खर्च झाला का?

1974 चा कायदा सांगतो की काँग्रेसने दिलेला पैसा अध्यक्षांनी मनमानीने अडवून ठेवायचा नाही. रद्द करायचा असेल तर काँग्रेसला प्रस्ताव पाठवायचा आणि 45 दिवस वाट बघायची. जुलै 2025 मध्ये असा सुमारे 9 अब्जांचा प्रस्ताव काँग्रेसने मंजूरही केला. पण वाद त्याच्या पलीकडे गेले आहेत.

न्यू जर्सीतल्या एडिसन, मेट्रोपार्क या भागातून रोज लोकलने न्यूयॉर्कला जाणाऱ्या आपल्या माणसांना हडसन नदीखालचा बोगदा माहीत आहे. 1910 चा तो. 2012 च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं आणि तेव्हापासून तो झिजतोय. शेजारी नवा बोगदा बांधायला 16 अब्जांचा प्रकल्प उभा राहिला, 2021 च्या कायद्याने पैशाची वाट मोकळी झाली. आणि 1 ऑक्टोबर 2025 ला, शटडाऊनच्या पहिल्याच दिवशी, व्हाइट हाऊसने न्यूयॉर्कच्या दोन मोठ्या प्रकल्पांचे मिळून 18 अब्ज रोखल्याचं जाहीर केलं. त्यात हा बोगदाही होता.

उलट दिशेनेही होतं. 2019 मध्ये भिंतीसाठी 5.7 अब्ज मागितले गेले, 35 दिवसांच्या शटडाऊननंतर काँग्रेसने दिले 1.375 अब्ज. सही झाली त्याच दिवशी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली आणि लष्करी बांधकामाचे 3.6 अब्ज भिंतीकडे वळवले गेले. म्हणून कायदा वाचून झाल्यावरही सहा महिन्यांनी त्या खात्याच्या पानावर जाऊन प्रत्यक्ष वाटप बघायचं. मंजूर रक्कम आणि खर्च झालेली रक्कम हे दोन वेगळे स्तंभ तिथे असतात.

तारखा भिंतीवर लावा

घरातलं कुणी एच-1बीवर असेल आणि नोकरी बदलायचा विचार असेल तर सप्टेंबरच्या अखेरीचा धोका गृहीत धरा. एलसीए मिळायला सुरळीत काळातही सात कामाचे दिवस जातात, म्हणून नव्या मालकाला ऑगस्टमध्येच अर्ज करायला सांगा. तात्पुरती मुदतवाढ झाली असेल तर ती संपण्याची तारीख नोंदवा आणि तिच्याआधीचे दोन आठवडेही तसेच समजा. 30 सप्टेंबर 2026 ला 2021 च्या महामार्ग कार्यक्रमाची मुदत संपते, त्याच्या जागी येणाऱ्या विधेयकाचे शेवटचे विभाग वाचा. 30 सप्टेंबर 2027 ला 4,000 डॉलरच्या शुल्काची मुदत संपते, ती वाढवणारं कलम बहुधा एखाद्या गठ्ठ्यातच येईल.

शटडाऊन संपायच्या आधीच, ऑक्टोबरच्या अखेरीला, कामगार खात्याने एलसीएचं काम पुन्हा सुरू केलं, आणि भाच्याचं एलसीए नोव्हेंबरमध्ये निघालं. राजीनाम्याचं पत्र त्याने तोवर खिशातच ठेवलं होतं.